आनंदी राहा म्हणून सांगू नका, बटणं धुवायला बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सकारात्मक विचारांवर पानभर लेख आला होता तो वाचला. सकाळी उठल्या उठल्या आरशासमोर उभं राहायचं, मी आनंदी आहे मी यशस्वी आहे असं एकवीस वेळा म्हणायचं, निगेटिव्ह माणसांपासून चार हात लांब राहायचं, वाईट विचार आला की लगेच डिलीट मारायचा वगैरे वगैरे. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच, चहा तसाच गार झाला आणि आमचे हे म्हणाले, एवढं वाटतंय तर लिही की पेपरला. म्हणून लिहितेय. लिहायची सवय नाही, बिलं सोडून काही लिहिलेलं नाही गेल्या तीस वर्षांत, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या आणि लांबलं तर कात्री लावा.

आमचं चिपळूणला बाजारपेठेत शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. अस्तर, फॉल, रिळं, लेस, इलास्टिक, हुक, टिचबटणं, चेन, आणि बटणं. सासऱ्यांनी काढलेलं. टेलरिंगवाले आमचं नेहमीचं गिऱ्हाईक आणि बाकी घरात मशीन असलेल्या बायका, ज्या आता कमी होत चालल्यात पण आहेत अजून.

२२ जुलै २०२१ चं चिपळूणकरांना सांगायला नको पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दोन दिवस आधी आषाढी झालेली, आदल्या दिवशी शेजारच्यांची ईद झालेली, रात्रभर पाऊस धो धो, आणि पहाटे बघतो तर वाशिष्ठी नदीचं पाणी रस्त्यात. २००५ चा पूर आम्ही बघितलेला होता म्हणून ह्यांनी आदल्या रात्री खालचा माल वरच्या फळ्यांवर ठेवला होता, २००५ चं पाणी कुठपर्यंत आलेलं त्याची भिंतीवर खूण होती ना, तिच्या वर. ह्या खेपेला पाणी खुणेच्या कुठच्या कुठे वर गेलं, पार पोटमाळ्याला लागलं. दुसऱ्या दिवशी शटर उघडायला चार माणसं लागली, गाळाने दाबून धरलेलं. आत अस्तराचे तागे फुगून एकमेकांत गुंतलेले, रिळांचा लगदा, आणि त्या गाळाचा वास, तो वास ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल, डिझेल आणि कुजलेलं आणि काय काय. आमचं एकट्याचं थोडंच गेलं, अख्खी बाजारपेठ गेली. १८६४ सालापासूनचं आमच्या गावचं वाचन मंदिर, त्याचीही पुस्तकं पाण्यात गेली, दुसऱ्यांदा.

मी लगेच कामाला लागले म्हणजे मी काही शूर नव्हे, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. हे मात्र बसले ते बसलेच. पहिले आठ दिवस पंचनामा, फोटो, गाळ काढणं यात गेले, मग एक दिवस म्हणाले आज नको उद्या जाऊ, आणि तो उद्या काही येईना. झोप नाही, जेवण नाही, गणपती दीड दिवसाचे आणले तर आरतीलासुद्धा मागे उभे. विचारलं की काय होतंय, तर काही नाही. ज्या माणसाने तीस वर्षं गिऱ्हाइकाशी बडबड केली तो माणूस काही नाही शिवाय बोलेना.

आणि मग सुरू झाले सल्ले! नातेवाईक, व्हॉट्सअॅप, सोसायटी, जो तो सांगणार, पॉझिटिव्ह राहा. जे होतं ते चांगल्यासाठीच. अरे काय चांगलं, कोणाच्या चांगल्यासाठी. एका नातलगाने तर फोनवर सांगितलं की तुमच्या विचारांच्या लहरी जशा असतात तशा घटना तुमच्याकडे खेचल्या जातात. म्हणजे पूर आम्ही खेचला काय? सगळ्या चिपळूणने मिळून? त्या दिवशी मी पहिल्यांदा फोन आपटला.

गणपतीनंतर एका संस्थेने पूरग्रस्त व्यापाऱ्यांसाठी कार्यक्रम ठेवला. पुण्याहून वक्ते बोलावलेले, कोट, कानाला लावलेला माईक, मागे स्क्रीन. मीच ह्यांना ओढून नेलं, माझीच चूक. वक्ते म्हणाले डोळे मिटा, आता तुमचं दुकान डोळ्यासमोर आणा, पहिल्यापेक्षा डबल मोठं, काचेचा दरवाजा, एसी, गिऱ्हाइकांची रांग, तो आनंद आत्ता फील करा. मग म्हणाले, पूर हा प्रॉब्लेम नाही, पुराकडे बघण्याचा तुमचा दृष्टिकोन हा प्रॉब्लेम आहे. मागच्या रांगेतून कोणीतरी बोललं, ह्याला वाशिष्ठीच्या काठावर खोली द्या रे भाड्याने. आम्ही हसलो, हे हसले नाहीत. घरी येऊन न जेवता झोपले आणि रात्री दोन वाजता उठून म्हणाले, सगळ्यांना दिसलं असेल गं दुकान, मला डोळे मिटले की गाळच दिसतो, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

संपादकसाहेब, मला ह्याच्याबद्दलच बोलायचंय. आधी माणसाला एकच दुःख होतं, दुकान गेल्याचं. आता दोन झाली, दुकान गेलं हे एक आणि आपल्याला आनंदी राहता येत नाही हे दुसरं. पहिलं पाण्याने दिलं, दुसरं त्या कोटवाल्याने.

माझी भाची गोव्याला असते, मानसशास्त्र शिकलीय, ती त्या दिवाळीत आमच्याकडे आली होती. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली मावशी काकांमध्ये काही कमी नाहीये, असं होतं हे माहीत असलेलं आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वुड म्हणून बाईंनी २००९ साली हेच करून बघितलं होतं, लोकांना "मी प्रेम करण्यालायक माणूस आहे" असं वाक्य परत परत म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीपासून बरं वाटत होतं त्यांना थोडं आणखी बरं वाटलं, आणि ज्यांचं मन आधीच खचलेलं होतं त्यांना ते म्हणून आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे हो. तोंड एक म्हणतंय आणि आतून कोणीतरी लगेच म्हणतंय, हट्, खोटं. म्हणजे औषध लागू कोणाला पडतं तर जो आजारी नाही त्याला.

आणि ते वाईट विचार डिलीट मारायचं, त्याचंही तेच. अमेरिकेत डॅनिअल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये पोरांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्याच घंट्या. आपल्याकडे आजीच्या गोष्टीत माकड असतं, औषध घेताना माकड मनात आणू नको म्हणजे गुण येईल, तसंच ते. ह्यांचं माकड म्हणजे तो गाळ.

ते एकवीस वेळा म्हणायचं पण काही नवीन नाही बरं का, भाचीनेच सांगितलं. एमिल कुए नावाचा एक फ्रेंच औषध दुकानदार होता, १९२६ मध्ये वारला, तो लोकांना रोज सकाळी रात्री वीस वेळा म्हणायला लावायचा की दिवसेंदिवस मी सगळ्या बाजूंनी सुधारतोय, आणि मोजायला वीस गाठींची दोरी. आपल्याकडे येईपर्यंत एक गाठ वाढली, एवढीच काय ती शंभर वर्षांतली प्रगती.

आता बटणांचं सांगते, कारण खरं लिहायचंय ते हेच.

गाळ काढताना बाकी माल फेकून दिला पण बटणं फेकवली नाहीत, गोणीत भरून घरी आणून पडवीत टाकली होती. पाच गोण्या. तीन महिने तशाच पडून, गाळ वाळून पार दगड झालेला. दिवाळी झाल्यावर मला ती पडवी मोकळी हवी होती, बाकी काही उदात्त हेतू नव्हता. एक गोणी घमेल्यात उपडी केली, कपड्याची पावडर टाकून रात्रभर भिजत ठेवली आणि सकाळी चाळणीने उपसायला बसले. पाणी पहिल्यांदा चहासारखं, मग ताकासारखं, सहाव्या-सातव्या वेळेला कुठे स्वच्छ. भाची बसली, शेजारच्या भाभी त्यांच्या नातीला घेऊन आल्या, त्यांचंही दुकान गेलेलंच होतं. जुन्या चादरीवर बटणं पसरायची, पुसायची आणि वेगळी करायची. लोखंडाची गंजलेली फेकायची, कापडाने मढवलेली कुजलेली फेकायची, प्लॅस्टिकची राहिली.

हे आत खुर्चीत बसलेले. तास दीड तास नुसतं बघत होते. मग एकदम खेकसले, अगं दोन भोकाची आणि चार भोकाची एकत्र काय टाकतेस, आणि ती शर्टाची आहेत, ती कुडत्यात गेली तुझ्या! आणि उठून येऊन बसले चादरीवर. म्हणजे बघा, माणूस उठला तो आशेने नव्हे, प्रेरणेने नव्हे, बायको चुकतेय हे न बघवून उठला. आणि मग जे बसले ते जेवायला हाक मारली तरी उठेनात. नातीला दाखवत होते, ही बघ ही शिंपल्याची, माझ्या वडिलांच्या वेळची, जिभेला लाव, गार लागते की नाही. ती शिंपल्याची बटणं तीन महिने गाळात राहून धुतल्यावर अशी चमकली की विचारू नका. ह्यांनी एक उचलून उजेडात धरलं आणि बराच वेळ धरलं. मी बघितलं न बघितलं केलं. सुख जवापाडे म्हणतात ना, आमचं त्या दिवशी बटणापाडे होतं.

पाच गोण्यांना पंधरा-सोळा दिवस लागले. मधल्या काळात हे दोनदा रडले, चादरीवरच, बटणं पुसता पुसता, आणि कोणी त्यांना रडू नका म्हटलं नाही. भाभी म्हणाल्या रोने दो. हातातलं काम कोणी थांबवलं नाही. नंतर भाभींनी त्यांचं सांगितलं, काय काय गेलं ते, मग मी माझं सांगितलं, म्हणजे तीन महिन्यांत जे बोललो नव्हतो ते त्या चादरीवर बोललो. त्यात एकही वाक्य पॉझिटिव्ह नव्हतं हो. विकायला म्हणाल तर त्या मालाची किंमत मजुरीएवढीसुद्धा नसेल.

लगेच कोणी असं समजू नका की बटणं धुतली आणि नैराश्य गेलं. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या होत्या सहा-सात महिने, त्यांचा उपयोग झाला, ज्यांना झोप नाही भूक नाही जगायची इच्छा नाही त्यांना डॉक्टरकडेच न्यायचं, पेपरातल्या पत्राकडे नाही. पण गोळ्यांबरोबर ह्यांना रोज दहा वाजता उठून कुठेतरी जायला जे कारण मिळालं ते त्या गोण्यांपासून मिळालं. भाचीने तेव्हा सांगितलं की तुम्ही हे नकळत केलंत पण हीच पद्धत आमच्याकडे गोव्यात मुद्दाम करतात.

तिथे संगाथ म्हणून संस्था आहे, १९९६ पासूनची, डॉ. विक्रम पटेल वगैरे लोकांनी काढलेली. त्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या पेशंटसाठी एक प्रयोग केला. साधी माणसं, डॉक्टर नाहीत की मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, त्यांना ट्रेनिंग दिलं आणि त्यांनी पेशंटला सहा ते आठ वेळा भेटायचं, कधी केंद्रात कधी घरी. भेटून काय करायचं तर तुम्ही हल्ली काय काय करायचं सोडलंत ते विचारायचं आणि त्यातलं एखादं छोटंसं परत सुरू करायला लावायचं. देवळात किंवा चर्चला जाणं असेल, परसातलं काम असेल, बहिणीला फोन असेल. मन लागत नसलं तरी करायचं, मन लागायची वाट बघायची नाही. २०१७ साली लॅन्सेट नावाच्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये त्याचा निकाल छापून आलाय, तीन महिन्यांनी बघितलं तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत शंभरातले ३९ बरे झालेले आणि ज्यांना ह्या भेटी पण मिळाल्या त्यांच्यात ६४. आपल्या शेजारच्या राज्यात, आरोग्य केंद्रात झालेली गोष्ट आहे ही, सिंधुदुर्ग ओलांडला की गोवा, आणि आपण आरशासमोर उभे.

ह्याच्या मागचं शास्त्र अमेरिकेतलं आहे म्हणे, १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी दीडशेएक पेशंटचे तीन गट केले, एका गटाला विचार बदलायचं सगळं शिकवलं, एकाला थोडं, आणि एकाला विचारांचं काहीच नाही, नुसतं दिवसभरात काय करायचं तेवढंच. तिघांना सारखाच फरक पडला. मला हे ऐकून एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, कारण विचार बदलणं हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही पण भांडी घासणं जमतं.

पण मग विचार करायचाच नाही का असं कोणी म्हणेल. करावा की. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणली त्यालाही खूप वर्षं झाली, भाचीने त्यावरचं वाचायला दिलं होतं, थोडं डोक्यावरून गेलं पण एक समजलं, की एलिस सगळं छान होईल असं म्हणायला सांगत नाही. वाईट झालंय तर वाईट झालंय म्हण, फक्त हे मला सहनच होणार नाही, जग बुडालं, असं जे आपण वर चिकटवतो ते खरं आहे का ते तपास. हे मला पटतं. हे खरं बोलणं आहे.

निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा ह्या वाक्यावर मात्र माझा सगळ्यात जास्त राग आहे. माझ्या नणंदेला मागच्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला. किमो चालू असताना तिला येणारा प्रत्येक माणूस सांगायचा, फायटिंग स्पिरिट ठेव, हसत राहा, अर्धी लढाई मनाने जिंकायची असते. ती बिचारी पाहुण्यांसमोर हसायची आणि पाहुणे गेले की थकून झोपायची, हसण्याचे श्रम व्हायचे तिला. एकदा मला म्हणाली, वहिनी हे सगळे मला भेटायला येतात की मी त्यांना बरं वाटवायचं? तेव्हापासून मी गेले की काही विचारत नाही. वाल भिजवून नेते, दोघी सोलत बसतो. ती म्हणते भीती वाटते, मी म्हणते हो गं, मला पण वाटते. मग बिरड्यात खोबरं किती घालायचं यावरून आमचं वाजतं कारण माहेरची पद्धत तिची आणि सासरची माझी वेगळी, म्हणजे सासर माहेर एकच घर आहे तरी वेगळी, ते एक न सुटणारं कोडं आहे. आता अशा बाईपासून लांब राहायचं होतं का मी, पुरवणीतल्या लेखाप्रमाणे?

तरुण मुलांना पण हेच शिकवतायत. माझा पुतण्या रोज स्वप्नातल्या गाडीचा फोटो बघतो मोबाईलवर, व्हिज्युअलाइज करतो म्हणतो. परीक्षेचा अभ्यास विचारला की मूड नाही. जर्मनीच्या गॅब्रिएल ओटिंगेन यांनी वजन कमी करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता, ज्या बायका आपण कशा बारीक आणि सुंदर दिसू ह्याची गोड गोड चित्रं रंगवायच्या त्यांचं वजन वर्षभरात कमी उतरलं, ज्या अडचणी बघत होत्या त्यांच्यापेक्षा जवळजवळ ११ किलो कमी. मनात लाडू खाल्ला की पोट भरतं ना, मग कोण वळायला बसणार. पुतण्याला सांगितलं तर म्हणाला काकू तू किती निगेटिव्ह आहेस.

असेन बाबा. पावसाळा आला की अजून मी रात्री दोनदा उठून खिडकीतून रस्ता बघते. जुलै महिन्यात खालच्या दोन फळ्यांवर आम्ही काही ठेवतच नाही, भिंतीवर दुसरी खूण केलीय, पहिलीच्या वर, तेलाच्या रंगाने. ती खूण बघून कोणाला वाटेल की काय हे भीत भीत जगणं, पण ती केल्यापासून ह्यांना झोप लागते. वाईट काय होऊ शकतं ते भिंतीवर लिहिलेलं आहे आणि खालच्या फळ्या रिकाम्या आहेत, संपलं.

माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत आनंद कसा मिळवावा ह्याची पानं कमी करा. त्याऐवजी पूर्वी बेतायचं कटिंग यायचं, लोणच्याची प्रमाणं यायची, कुठे भजनी मंडळ आहे कुठे चालायचा ग्रुप आहे ते यायचं, ते परत सुरू करा. आमच्या दुकानाचा त्यात फायदा आहे हे खरंय, लपवत नाही.

ती धुतलेली बटणं आता काउंटरवर तीन मोठ्या बरण्यांत आहेत, सुटी, नगावर विकतो. परवा एक बाई आईचा जुना स्वेटर घेऊन आल्या, आई नाहीये आता, एक बटण तुटलेलं, तपकिरी, मधे बारीक रेघ असलेलं. हे बरणी उपडी करून बसले. बाईही बसल्या स्टुलावर, मग मीही आले, दोन गिऱ्हाइकं थांबली होती ती पण शोधायला लागली. पाऊण तास शोधलं, मिळालं नाही. सोमवारी दुसरी बरणी बघायला येते म्हणाल्यात.

आपली,
एक वाचक, चिपळूण
(नाव आपल्याकडे आहे, छापू नये)